सातिवली ते अपापा

डिसेंबर २०२५. सकाळचे पावणेनऊ. सातिवलीच्या नाक्यावर रिक्षा, टेम्पो आणि पाण्याचे टँकर एकमेकांत अडकलेत. वसई स्टेशनहून शेअर रिक्षानं आलेली माणसं मधेच उतरून, डब्याची पिशवी खांद्याला लावून उरलेला रस्ता पायीच तुडवतायत. नऊच्या आत हजेरी लागली नाही तर पगारातून तेवढा वेळ कापला जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळेच गाळे. सातिवली, वालीव, गोखिवरे, गवराईपाडा हा पट्टा तारापूरसारखा एमआयडीसीनं आखलेला नाही. मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या तसे उपनगरांतले छोटे कारखानदार इकडे सरकले आणि खाजगी इस्टेटी एकीला लागून एक वाढत गेल्या. बाहेरून दिसतात ती पत्र्याची छपरं आणि शटरं. आत काय चालतं ते वसई पश्चिमेला राहणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. गोळ्या दाबायची, कॅप्सूल भरायची, सिरपच्या बाटल्या धुवायची, भरायची, बूच लावायची मशीनं या गाळ्यांत बनतात आणि ढाक्याला, नैरोबीला, आदिस अबाबाला, लागोसला जातात.

मी ज्या गाळ्यात उभा आहे तिथून आज एक मशीन लागोसला निघायचंय. चार तोंडांचं सिरप भरण्याचं मशीन, पुढे बूच लावायचा भाग, दोन्हींना जोडणारा पट्टा. कालच बफिंग उरकलंय. पत्र्यावर बोट टेकवलं की ठसा उमटतो, म्हणून पोरं हातमोजे घालून वावरतायत. कोपऱ्यात सुतार पेटीचे तक्ते ठोकतोय. प्रत्येक तक्त्यावर गव्हाच्या लोंबीचा छाप आहे, लाकूड तापवून कीडमुक्त केल्याची खूण. हा छाप नसला तर परक्या बंदरात पेटी अडकते.

आयशर टेम्पो दहा वाजता येणार. कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाचा फोन आताच येऊन गेला, उद्या संध्याकाळच्या आत माल न्हावा शेवाच्या गोदामात पोचलाच पाहिजे, नाहीतर हे जहाज चुकेल.

आणि मालक माळ्यावरच्या केबिनमध्ये बसून पैशांची वाट बघतायत.

मालकांची माझी ओळख जुनी. मूळचे संगमेश्वराकडचे. गोरेगावच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले, मग वसईत भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात एक लेथ टाकली. आता बावीस माणसं कामाला आहेत. हिशेब आणि परदेशचा पत्रव्यवहार मुलगी पाहते. ती बँकेतून आलेला कागद बाबांपुढे सरकवते. लागोसच्या गिऱ्हाइकाशी सौदा जुलैमध्ये ठरला होता, २०,००० डॉलरना. ६,००० ऑर्डरबरोबर आले. उरलेले १४,००० माल निघण्याआधी यायचे होते. आलेत ८,०००.

"सहा हजार कमी आहेत, बाबा."

"लिहिलंय काय त्यानं?"

"बँकेनं एवढेच डॉलर दिले म्हणतोय. उरलेले जानेवारीत."

सहा हजार डॉलर म्हणजे आजच्या भावानं पाच लाख चाळीस हजार रुपये. या मशीनमधून सुटणारा सगळा नफा एवढ्यात सामावतो, वर पत्रेवाल्याचं बिलही येतं. मालक काहीच बोलत नाहीत. खिडकीतून खाली, पेटीच्या तळाला खिळे ठोकणाऱ्या सुताराकडे बघत राहतात.

या महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ९० रुपयांच्या वर गेला. जुलैत सौदा झाला तेव्हा तो ८६ च्या आसपास होता. निर्यातदाराची चांदी झाली असं आपण पेपरात वाचतो. मी तसं म्हणताच मुलगी लॅपटॉप माझ्याकडे वळवते. मागाहून यायच्या १४,००० डॉलरवर चार रुपयांनी मिळाले असते छप्पन हजार. तेही सगळे वेळेवर आले असते तर. मशीनचा मेंदू म्हणजे पीएलसी, पुढची टचस्क्रीन, बाटली ओळखणारे सेन्सर, हे सगळं बाहेरून येतं. डीलर रुपयांतच बिल करतो, पण त्याच्या भावपत्रकाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भाव डॉलर-युरोच्या दराप्रमाणे बदलेल, आणि तो बदलतो. तांबं जगाच्या बाजारात टनाला ११,००० डॉलरच्या वर, आजवरच्या उच्चांकावर आहे, म्हणून मोटारी आणि केबल महाग. पत्रा यंदा तितकासा छळत नाही, एवढाच दिलासा. छप्पन हजार हिशेबात एका ओळीत येतात आणि खालच्या तीन ओळींत निघून जातात.

"सरकारी आकडा बघा," ती म्हणते. "ऑक्टोबरची महागाई पाव टक्का. ०.२५. सध्याच्या मालिकेत इतकी कमी कधी नव्हती."

आकडा खरा आहे. जिन्याखाली आर्गॉनच्या सिलिंडरपाशी बसलेल्या वेल्डरला मी त्याबद्दल विचारतो. तो जौनपूरकडचा, नालासोपाऱ्याला धानिवबागेत राहतो. कांदा-टोमॅटो यंदा स्वस्त आहेत, हे तो मान्य करतो. तो कांदा स्वस्त का, हे नाशिकचा शेतकरी वेगळ्या आवाजात सांगेल. पण वेल्डरच्या खोलीचं भाडं अकरा महिन्यांचा करार संपला की वाढतं, पोराच्या शाळेची फी जूनमध्ये वाढते, आणि गावी धाडायची रक्कम कमी करता येत नाही. "सब्जी तो चार दिन सस्ती रहती है साहब, किराया कभी उतरते देखा है?" असं म्हणून तो चष्मा डोळ्यांवर ओढतो. निळा उजेड भडकतो, मी तोंड फिरवतो.

महागाईचा एक आकडा देशाचा असतो. या गाळ्यात मात्र ती चार दारांनी शिरते. वेल्डरच्या घरभाड्यातून, डीलरच्या भावपत्रकातून, जहाजाच्या भाड्यातून, आणि सगळ्यात जड पावलांनी गिऱ्हाइकाच्या देशातून. त्या शेवटच्या दाराबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही.

नायजेरियानं जून २०२३ मध्ये आपलं चलन बाजाराच्या हवाली केलं. तोवर एका डॉलरला सरकारी दरानं सुमारे ४६० नायरा पडत. पुढच्या फेब्रुवारीत ते १,५०० च्या पार गेले. आज १,४५० च्या आसपास आहेत. म्हणजे वसईचं हे २०,००० डॉलरचं मशीन लागोसच्या माणसाला तेव्हा ९२ लाख नायरांना पडलं असतं, आता २ कोटी ९० लाखांना पडतंय. इथं आम्ही किंमत एका डॉलरनंही वाढवलेली नाही. २०२४ च्या अखेरीस त्या देशातली महागाई ३४ टक्क्यांवर पोचली होती. नंतर निर्देशांकाची मोजणी बदलली, आकडा उतरला, पण तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर आजही २७ टक्के आहे. कर्ज काढून मशीन घेणाऱ्याला त्याच्याही वर मोजावं लागतं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं याच महिन्यात रेपो दर ५.२५ वर आणला. हा फरक डोक्यात ठेवला की लागोसच्या माणसाचा राग येत नाही.

आणि मशीन त्याला हवंच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं नायजेरियातला आपला धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं. डॉलर मिळेनात, औषधं आणायची कशी आणि पैसे मायदेशी न्यायचे कसे, हा प्रश्न तिथल्या सगळ्याच परदेशी कंपन्यांना पडला होता. दुकानांतली औषधं कित्येक पटींनी महागली. तेव्हापासून तिथले छोटे औषधवाले खोकल्याचं आणि तापाचं सिरप स्वतः बनवायच्या खटपटीत आहेत. पण त्यासाठी लागणारं मशीन बाहेरूनच घ्यायचं, म्हणजे डॉलरनंच. आधी बँकेतून आयातीचा फॉर्म एम मंजूर करून घ्यायचा, मग डॉलर मिळायची वाट बघायची.

दीड वाजतो. वसईत दीड म्हणजे लागोसला सकाळचे नऊ. ठरल्याप्रमाणे व्हिडिओ कॉल लागतो. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः येऊन, चार दिवस हॉटेलात राहून मशीन तपासून जायचं. आता विमानाचं तिकीटही डॉलरशी बांधलेलं, त्यामुळे चाचणी फोनवरच होते. मुलगी फोन धरते, फोरमन मशीनपाशी उभे राहतात. त्यांना सगळे मामा म्हणतात, मालकसुद्धा. टाकीत पाणी, पाण्यात खायचा लाल रंग, म्हणजे बाटलीतली पातळी कॅमेऱ्यात दिसेल.

"माय ब्रदर!" फोनमधला आवाज सगळ्या गाळ्यात घुमतो. मालक हात जोडतात, हसतात. दोघांच्याही चेहऱ्यावर कमी आलेल्या ६,००० चा विषय नाही. आधी मशीन.

मामा बटण दाबतात. बाटल्या रांगेनं पुढे येतात, चौघी थांबतात, चार नळ्या खाली उतरतात, लाल पाणी चढतं, नळ्या वर जातात, बाटल्या सरकतात. मामा मधूनच एक बाटली उचलून काचेच्या नळकांड्यात ओततात. बरोबर १०० मिली. पुन्हा एक. ९९.५. पलीकडून मान डोलते. तेवढ्यात मशीन थांबवल्यावर तिसऱ्या नळीच्या टोकाशी एक थेंब जमतो, फुगतो आणि पट्ट्यावर पडतो. कुणी काही म्हणायच्या आत मामांचा हात मशीनमध्ये असतो. लागोसचा माणूस म्हणतो, तो थेंब मला दिसला. "दिसू दे," मामा मराठीतच पुटपुटतात. नळी सोडवतात, आतली ओ-रिंग नखानं बाहेर काढतात, उजेडाकडे धरतात. रिंगेला केसाएवढी चीर आहे. खिशातल्या डबीतून दुसरी काढून बसवतात, नळी पिळतात, हात पुसतात. पुन्हा पंचवीस-तीस बाटल्या. मशीन थांबतं. तिसऱ्या नळीच्या टोकाशी फोन नेला जातो. आम्ही सगळे, लागोससकट, त्या टोकाकडे बघत राहतो. कोरडं आहे.

"शंभर रिंगा बरोबर टाका," मामा मुलीला सांगतात. "बिलात धरू नका. तिकडे एका रिंगेसाठी मशीन बंद पडेल."

आता पैशांचा विषय निघतो. मुलगी इंग्रजीत बोलते, मालक मधे मधे ऐकून मराठीत काहीतरी सांगतात, ती ते पुढे पोचवते. पलीकडचा माणूस आवाज चढवत नाही. त्यानं जुलैचा दर धरून जे कर्ज मंजूर करून घेतलं त्या रकमेत बाकीचा खर्च भागलेला नाही: बंदरावरचे आकार, आयातशुल्क, कारखान्यातला नवा जनरेटर. सहा हजारांसाठी तो बँकेच्या रांगेत आहे. माल पाठवा, जानेवारीत देतो. नाही पाठवला तर आगाऊ दिलेल्या चौदा हजारांवर तो २७ टक्क्यांच्या वरचं व्याज भरत बसणार, आणि हातात मशीनही नाही.

फोन बंद होतो. खाली आयशरवाला कंटाळलाय. त्याच्या हॉल्टिंगचे पैसे सकाळपासून चढतायत.

"पाठवू नका बाबा," मुलगी म्हणते. "कोलंबो आठवा."

२०२२ मध्ये श्रीलंकेनं कर्जफेड थांबवली तेव्हा यांचे कोलंबोचे पैसे अडकले होते. गिऱ्हाईक प्रामाणिक होतं, त्यानं रुपये बँकेत भरलेलेही होते. देशाच्या तिजोरीतच डॉलर नव्हते. तेव्हापासून उधारीच्या सौद्याला ईसीजीसीचा विमा घेतात. निर्यातदाराचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी ही सरकारी कंपनी १९५७ पासून आहे आणि छोट्या कारखानदारानं तिच्याकडे जावंच, असं मला मनापासून वाटतं. पण हा सौदा आगाऊ पैशांचा होता. उधारी धरलेलीच नव्हती, त्यामुळे या गिऱ्हाइकासाठी संरक्षणही मागितलेलं नाही.

"रिझर्व्ह बँकेनं मुदत वाढवलीय ना गेल्या महिन्यात?" मालक विचारतात.

"वाढवलीय. परदेशातून पैसे आणायला नऊ महिने होते, आता पंधरा. ती कायद्यातून सुटायला, बाबा. पत्रेवाल्याला पंधरा महिने सांगू का? त्याचं बिल ४५ दिवसांत भागलं नाही तर पैसे देईपर्यंत तो खर्च आपल्याला आयकरात धरता येत नाही."

या एका वाक्यात सगळं आलं, असं मला वाटतं. पत्रेवाल्याला दीड महिन्यात द्यायचं आणि लागोसहून येईल तेव्हा घ्यायचं. मधल्या काळात रुपया हलणार, नायरा हलणार, जहाजाचं भाडं हलणार. मोठ्या कंपनीकडे डॉलरचा पुढचा भाव आज बांधून घेणारी माणसं असतात. इथंही बँक फॉरवर्ड करार करून देते, पण पैसे नक्की कुठल्या महिन्यात येणार हेच माहीत नसेल तर भाव कुठल्या तारखेचा बांधायचा? दोन देशांच्या चलनांमधली सगळी ओढाताण शेवटी बावीस माणसांच्या गाळ्यावर येऊन थांबते. मालाची बनावट, मोजमाप, वेळ, यांत या लोकांची काही चूक नाही. थेंब गळला तर मामा रिंग बदलू शकतात. नायरा गळायला लागला तर कोणी काय बदलायचं?

मालक उठतात. ठरलंय.

"कागद बँकेतून पाठवू. मूळ बिल ऑफ लेडिंग त्याच्या बँकेकडे. सहा हजार भरले की कागद, कागद मिळाले की माल."

"आणि नाही भरले तर? पेटी लागोसच्या अपापा बंदरात पडून राहील. रोजचं भाडं चढेल. परत आणायची तर पुन्हा तेवढाच खर्च."

"चौदा हजार भरलेला माणूस सहा हजारांसाठी मशीन सोडत नाही. आणि इथं ठेवून मी काय करू? त्याच्या बाटलीच्या मापाचं आहे. दुसऱ्या कुणाला लागणार नाही."

हा हिशेब धंद्याचा आहे. पण मघाशी फोनवर "दुकानात औषध मिळत नाही" असं पलीकडचा माणूस म्हणाला तेव्हा मालकांनी मान खाली घातली होती, तेही मी पाहिलंय.

मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलं जातं. समुद्राची दमट हवा शोषायला सिलिका जेलच्या पुड्या आत. चेन ब्लॉकला लटकलेलं मशीन इंच इंच उतरत पेटीच्या तळाशी टेकतं, चार बोल्ट आवळले जातात, मामांची रिंगांची पिशवी टेपनं आतल्या अंगाला चिकटते. सुतार झाकण ठोकतो. एक पोरगा पत्र्याचा साचा धरून काळ्या रंगानं मजकूर उठवतो: बंदराचं नाव, पेटीचा क्रमांक, वजन, वर जाणारे दोन बाण.

शेजारच्या गाळ्याचं शटर अर्धंच उघडं आहे. तिथला माल अमेरिकेला जायचा. २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर तिथं ५० टक्के शुल्क लागलं आणि गिऱ्हाइकानं पुढच्या ऑर्डरी थांबवल्या. त्या गाळ्याचे मालक पेटी बघायला येऊन उभे राहतात. "आफ्रिका बरी म्हणायची," ते म्हणतात. "पैसे उशिरा देतात, पण ये तरी म्हणतात." लागोसला आपला माल चालेल का, अशी चौकशीही करतात. मुलगी त्यांना फॉर्म एमबद्दल सांगू लागते, ते कागद मागून लिहून घेतात.

साडेतीनला आयशर हलतो. अरबी समुद्र इथून पश्चिमेला, स्टेशन ओलांडलं की वसईच्या किल्ल्यापाशी. शेजारच्या सोपाऱ्याहून दोन हजार वर्षांपूर्वी जहाजं पश्चिमेच्या देशांत जात. ही पेटी मात्र आधी पूर्वेला जाणार. महामार्गानं चिंचोटी, तिथून कामण, अंजूरफाटा, भिवंडी, मग कळंबोलीवरून न्हावा शेवा. चिंचोटी-कामण रस्त्यावरचे खड्डे ड्रायव्हरला पाठ आहेत, तरी त्यानं पेटीला दोन जादा पट्टे बांधून घेतलेत. वाढवणला बंदर होणार आहे, आपल्याच जिल्ह्यात. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये पायाभरणी केली, ७६,००० कोटींचा प्रकल्प. भाडं वाचेल, असं इथले कारखानदार म्हणतात. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्यांची मासेमारी जाणार आणि माझी पेटी लवकर पोचणार, हा हिशेब मला सरळ वाटत नाही, असं मालक स्वतःच म्हणतात, आणि चहा मागवतात.

चहा येईस्तोवर मुलीच्या लॅपटॉपवर नवी चौकशी आलेली असते, आदिस अबाबाहून. असंच मशीन, सहा तोंडांचं. इथिओपियानंही जुलै २०२४ मध्ये चलन मोकळं सोडलं. ५७ बिरना मिळणारा डॉलर आता दीडशेच्या पुढे आहे. ती कोटेशन उघडते, किंमत भरते, आणि भाव किती दिवस राहील त्या ओळीवर थांबते. जुलैत लागोसला तिथं तीस दिवस लिहिले होते.

"सात लिहिते."

"सात दिवसांत त्याची बँक त्याला आत बसवूनही घेणार नाही. पंधरा लिही."

"पंधरा दिवसांत पीएलसीवाला भाव बदलतो, बाबा."

"मग पीएलसी आजच उचल. त्याच्याकडे स्टॉक आहे का विचार."

"ऑर्डर नसताना?"

मालक चहाचा ग्लास खाली ठेवतात. खाली मामा रिकाम्या झालेल्या जागेवर खडूनं पुढच्या मशीनचं माप आखतायत, सहा तोंडांचं. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"एक नको," मालक म्हणतात, "दोन विचार."

ती फोन लावते.